अंधाऱ्या खिडक्यांचं पत्रक

नऊ संध्याकाळी मी आसनगावात एका सात मजली इमारतीसमोर उभी राहून खिडक्या मोजल्या. त्या मोजणीवर एक पत्रक लिहिलं. त्या पत्रकामुळे माझ्या शेजारणीचं होऊ घातलेलं घर गेलं. हे पत्रक असतं तर मी एवढ्यावर थांबले असते आणि खाली मागण्या लिहिल्या असत्या. इथे मागणी नाही. मागू कुणाकडे?

माझं गाव धसईच्या पुढे, मुरबाड तालुक्यात. रेल्वे येणार, रेल्वे येणार, एवढ्या एका वाक्यावर आमच्याकडे बांधाबांधाने जमिनी विकल्या गेल्या. विकणाऱ्यांची पोरं आता त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या बंगल्यांची राखण करतात. हा राग घेऊनच मी घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत शिरले. संघटना म्हणजे सहा-सात माणसं, शहापुरात बाजाराच्या मागे एक खोली आणि पत्रकांचे गठ्ठे. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला चटकन राग येतो आणि चटकन लिहिता येतं. दोन्ही गुण एकत्र असले की माणूस दुसऱ्यांदा वाचत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

राहायला खोली हवी होती, ती आसनगावात बघितली. पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच, आडनावाचा असतो. तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली "कालच गेली". चौथ्या ठिकाणी मिळाली. दहा खोल्यांची पत्र्याची चाळ. मालकाला आडनावाशी देणंघेणं नव्हतं, फक्त अकरा महिन्यांशी होतं. अकरा महिने भरले की तो भाडोत्र्याला ह्या खोलीतून त्या खोलीत हलवायचा, कुणाचा हक्क लागू नये म्हणून. पाच नंबर आठमध्ये, आठ नंबर तीनमध्ये. त्या दिवशी गाद्या आणि पिंपं डोक्यावर घेऊन सगळी चाळ एकमेकांच्या घरात शिरायची. भिंतीत खिळा ठोकायची बंदी होती. ठोकलाच तर अनामतीतून कापून घ्यायचा.

माझ्या शेजारी मावशी राहायची. सख्खी नाही, सगळी चाळच तिला मावशी म्हणायची. नवरा वारलेला, मुलगी नववीत. सहा वर्षांत तिने ह्या चाळीतल्या सात खोल्या बघितल्या होत्या. "मी इथल्या ढेकणांना नावानं वळखते गो," ती म्हणायची. "एका खोलीतला दुसऱ्या खोलीत भेटला ना, तर इचारतो, काय मावशी, बदली झाली का?"

ती पहाटे चारला उठून लोकांच्या घरी पोळ्या करायला जायची आणि नऊच्या सुमारास परत यायची. मग चाळीच्या नळावर धुणं, दुपारी शिलाई. पोळ्यांना कुणाकडे जाते, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या हातच्या पोळ्या मात्र खाल्ल्या, भरपूर.

तिचं एक घर ठरत आलं होतं. स्टेशनच्या अलीकडे एका जुन्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथले म्हातारे काका तिच्याच हातच्या पोळ्या खायचे. आता ते लेकाकडे नाशिकला जाणार होते. ते म्हणाले होते, "बाय, दलालाला सांगत नाय. तुला देतो. दिवाळीपर्यंत थांबतो तुझ्यासाठी." नवऱ्याच्या कंपनीकडून मिळालेले पैसे होते, आईकडच्या जमिनीतला तिचा वाटा भावाने मुकाट्याने दिला होता. दोन्ही मिळून जमत होतं. संध्याकाळी शिलाईवरून उठली की ती त्या इमारतीवरून उगाच एक चक्कर मारून यायची. "बघून आले, हाय जाग्यावर," असं येऊन सांगायची.

त्याच दिवसांत मी खिडक्या मोजत होते.

मोजायचं का सुचलं, ते सांगते. आमच्या गावात दिवेलागणीला दार उघडं ठेवून पडवीत दिवा लावायचा, हे ठरलेलं. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर दोन फोटो आहेत आणि त्यांच्यापुढे मेणबत्ती पौर्णिमेला. पण पडवीतला दिवा रोज. लाइट नसेल तर कंदील, कंदील नसेल तर मोबाइल उलटा करून ठेवतात. ज्या घरात दिवेलागणीला उजेड नाही त्या घरात माणूस नाही. कुणी मेलं असेल, नाहीतर गाव सोडून गेलं असेल. आम्हाला हे शिकवावं लागत नाही. डोळाच तसा तयार होतो.

तो डोळा घेऊन मी आसनगावात आले होते, येऊन चारच महिने झाले होते. संध्याकाळी सातला शहापुराहून परत येताना ती सात मजली इमारत दिसायची. जवळजवळ सगळी काळी. रंग नवा, गेट नवं, वर नाव चमकणारं आणि आत अंधार. मला वाटलं, सापडलं! बिल्डर घरं विकली विकली म्हणून भाव चढवतो, गुंतवणूकवाले घेऊन कुलूप लावून ठेवतात, आणि आम्ही पत्र्याखाली गाद्या फिरवतो.

मी नऊ दिवस सातच्या ठोक्याला समोरच्या नाल्याच्या कठड्यापाशी उभी राहायचे. वही, पेन. रस्त्याकडच्या चौऱ्याऐंशी खिडक्या. एखाद्या दिवशी अकरात उजेड, एखाद्या दिवशी चौदात. रविवार सोडून, कारण रविवारी मुरबाडला संघटनेची बैठक असायची.

तिसऱ्या दिवशी वॉचमन रस्ता ओलांडून आला. "काय गो बाय, रोज वर बघतेस. नवरा शोधतेस काय?"

"खिडक्या मोजते."

"मोज मोज. एखादी कमी भरली तर मला सांग, माझ्यावर येईल."

"एवढी घरं रिकामी कशी हो काका?"

"रिकामी?" तो वर बघून हसला. "असतील बाबा. मी खाली असतो." आणि तंबाखू मळत परत गेला. त्याला आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्याने सगळं सांगितलं असतं. पण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. मी ते वहीत लिहिलं. 'सुरक्षारक्षकाचाही दुजोरा.'

पत्रक पिवळ्या कागदावर निघालं. वर जाड अक्षरात: थांबा! अंधाऱ्या खिडक्या काय सांगतात? खाली माझी मोजणी. त्याखाली, घरं रिकामी आहेत, हा फुगा फुटणार आहे, भाव अर्ध्यावर येतील, आज घर घेणं म्हणजे बिल्डरच्या तोट्याला आपला खांदा देणं. 'आपला पैसा अडवा, त्यांचा भाव पाडा.' हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोन वेळा छापून घेतलं, वर एकदा आणि खाली एकदा. संघटनेतले ज्येष्ठ म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी जागेवर जाऊन काम केलंय." दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

चाळीत प्रत्येक दारात एक पत्रक मीच टाकलं. मावशीच्या दारातही.

दुसऱ्या दिवशी ती पत्रक हातात घेऊनच आली. मुलीने तिला वाचून दाखवलं होतं. उंबऱ्यात बसली.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"मग मला सांग. काकांचं घर घेऊ का थांबू?"

माझ्यासमोर एक बाई बसली होती. तिला दिवाळीपर्यंत निर्णय घ्यायचा होता. आणि मी तिच्याशी सभेत बोलतात तसं बोलले. "मावशी, आत्ता घेणं म्हणजे फसणं. सहा महिने कळ काढा. एवढ्याच पैशात दोन खोल्या मिळतील."

"काकांचं तसं नाय गो. ते काय बिल्डर नाहीत. भाव पण गावच्या हिशोबानं बोलले."

"बाजार एकच असतो. वरचा भाव पडला की काकांचाही पडणार."

"नक्की?"

"नक्की."

हा एक शब्द. आयुष्यात मी पुष्कळ शिव्या दिल्यात, त्यातली एकही मला आठवत नाही. हा शब्द आठवतो. मी तो किती सहज म्हटला, तेसुद्धा. म्हणताना मी भाजी निवडत होते.

दिवाळी गेली. काकांनी आणखी पंधरा दिवस थांबून बघितलं, एकदा स्वतः चाळीत येऊनही गेले. मावशीने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, थोडा भाव पडू द्या." काका गोंधळून म्हणाले, "माझा भाव आणि कसला पडायचा गो? वर चढवलाय कुठं मी?" मग त्यांनी घर दलालाकडे दिलं. आठवड्यात गेलं. मावशीला सांगितलं होतं त्याहून बऱ्याच जास्त किमतीला. त्या दिवशी ती चक्कर मारायला गेली नाही. मला म्हणाली, "जाऊ दे. पडला की दोन खोल्या घेऊ." माझंच वाक्य मला परत देत होती, विश्वासाने.

माझी चूक मला कळली ती एका रविवारी. मुरबाडची बैठक रद्द झाली होती, म्हणून सकाळी नऊला मी त्याच इमारतीत सह्या गोळा करायला शिरले. राहणारी जी थोडी कुटुंबं आहेत त्यांना आपल्या बाजूला घ्यायचं, असा बेत होता. गेटातून आत आले आणि वर बघितलं. प्रत्येक गॅलरीत कपडे. दोरी दिसू नये इतके कपडे. वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झटकत होतं, मधल्या मजल्यावर दोन बाया एकमेकींशी मोठ्याने बोलत होत्या, जिन्यात मुलांची सायकल आणि फोडणीचा वास. मी पायरीवरच उभी राहिले.

पहिल्या मजल्यावर बनियनमधल्या एका गृहस्थांनी दार उघडलं. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी वाचलं, मग बायकोला हाक मारली. "अगं, बाहेर ये. आपण इथे राहत नाही म्हणे. छापून आलंय."

बायको हात पुसत आली. वाचून तिला हसू आवरेना. "मग हफ्ता कुणाचा कापतात दर महिन्याला? भुताचा?"

"तुम्ही कधी मोजलं?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी सातला. नऊ दिवस."

"सातला आम्ही ऑफिसातून खाली उतरत असतो हो. मी पहाटे पाच पस्तीसची गाडी पकडतो, घरात पाय ठेवेपर्यंत साडेनऊ. हीपण कामाला. आई घरी असते, ती मागच्या स्वयंपाकघरात. हॉलचा दिवा एकटीसाठी कशाला जाळू, म्हणते." मग जरा दया येऊन म्हणाले, "दोन-चार घरं बंद आहेत तशी. सातव्यावर."

मी सही न मागता खाली आले. वॉचमन म्हणाला, "भरल्या का खिडक्या?"

शहापुरात गेले आणि सांगितलं की पत्रक चुकीचं आहे, दुरुस्ती छापू. ज्येष्ठ म्हणाले, "एका इमारतीची चूक. मुद्दा बरोबर आहे ना?" दुसऱ्याने विचारलं, "दुरुस्ती छापली तर पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवील?" मी चिडले, टेबलावर हात आपटला आणि दुरुस्ती लिहायला बसले. तीनदा लिहिली. तिन्ही वेळा पहिल्या ओळीत चुकीची कबुली आणि तिसऱ्या ओळीपासून पुन्हा बिल्डर. माझा हात दुसरीकडे जातच नव्हता. शेवटी ती छापलीच नाही. संघटनेने अडवलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो चौथा कागद मी घेतलाच नाही.

आणि मावशीला? तिला तर छापायचीही गरज नव्हती. मध्ये एक भिंत होती. मी सांगितलं नाही. भाव पडले तर सांगायची वेळच येणार नाही, अशी वाट बघत बसले. ज्या फुग्याला शिव्या दिल्या तो फुटावा म्हणून मनातल्या मनात नवस करत होते, आणि कशासाठी, तर माझी चूक झाकली जावी म्हणून.

भाव पडले नाहीत. होळीनंतर चाळमालकाने सांगितलं, चाळ पाडून इमारत बांधायची आहे, मे महिन्याच्या आत खोल्या खाली करा. आसनगावात भाडी एवढी वाढली होती की तेवढ्याच जागेला दीडपट सांगत. मी एका मैत्रिणीच्या खोलीत शिरले, एकटीचं काय, होतं. मावशी आसनगावच्याही पुढे, खर्डीला गेली. भाडं परवडेल असं तेवढंच. मुलीची शाळा दहावीच्या वर्षाला बदलली. आणि पोळ्यांची कामं गेली. पहाटे साडेचारला आसनगावात उभं राहायचं तर खर्डीहून यायचं कसं? एकच घर राहिलं, उशिरा डबा लागणारं.

सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला होते. तेव्हाही बोलले नाही. पिंप उचलून दिलं.

सांगितलं ते पुढच्या थंडीत, तेही तिने बोलावलं म्हणून. फोनवर म्हणाली, "खर्डीत एक बिल्डिंग बनतेय. एक खोली-किचन हाय. कागद वाचायला ये. इंग्रजी हायेत म्हणे." म्हणजे कागद वाचायला तिला अजून मीच आठवत होते. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

स्टेशनवरून आम्ही चालत निघालो. कापणी झालेली शेतं, मधून पायवाट. मी म्हटलं, "मावशी, मला एक सांगायचंय. ते पत्रक. ती बिल्डिंग रिकामी नव्हती. मी चुकीच्या वेळेला मोजलं."

ती चालत राहिली. "हां. मग?"

"मग म्हणजे? तिथे माणसं राहत होती. सगळ्या मजल्यांवर."

"मला काय सांगतेस? त्याच बिल्डिंगीत तर चार घरी पोळ्या करायची मी. पाच पस्तीसच्या गाडीची मान्सं. साडेचारला सगळे मजले जागे असत."

मी थांबले. ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस का?" हे ती रागाने म्हणाली नाही. मग पुन्हा चालू लागून म्हणाली, "पोरीनं वाचून दाखवलं. मला वाटलं, मी चार दारं बघते, तीपण अंधारात. तू अख्खी बिल्डिंग मोजलीस. आणि छापलंय म्हटल्यावर मलाच कळत नसंल. तिथं ऱ्हातात ते भाडोत्री असतील, मालक इकून मोकळे होतील, असा मीच माझ्या मनाला अर्थ लावला. शिकलेली पोर नऊ दिवस डास चावून घेते, ती खोटं कशाला छापंल?"

खोटं नव्हतं मावशी, चुकलं होतं, असं माझ्या जिभेवर आलं. गिळलं. ज्या बाईला सगळं माहीत होतं तिला मी गप्प केलं होतं. बिल्डरला ते जमलं नसतं. मला जमलं, पिवळ्या कागदावर. बाईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिचं तिलाच खोटं वाटायला लावायचं, ह्याला मी दुसऱ्या कुणी केलं असतं तर काय म्हटलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

"माफी मागते," मी म्हटलं.

"माफीनं काय पोळ्या लाटू?" ती म्हणाली. "चल, ऑफिस पाचला बंद करतात."

ऑफिस म्हणजे अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर एक टेबल. दलालाने चहा मागवला. किंमत आसनगावच्या काकांनी सांगितली होती तेवढीच, घर काकांच्या घराच्या निम्म्याहून थोडं मोठं आणि तेही अजून बांधायचं. मावशीने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि दलालाच्या देखत विचारलं, "आता बोल. भाव पडतील काय?"

ह्या वेळी माझ्याकडे बोलायला खरोखर काहीतरी होतं. हायवेच्या कडेला काही इमारतींचं काम थांबलं होतं, गवंड्यांचे पैसे अडकले होते, बुकिंग केलेले लोक कार्यालयांच्या फेऱ्या मारत होते. ह्या वेळी मी दारं वाजवून विचारलं होतं, सकाळी आणि रविवारीसुद्धा. पण त्यातून खर्डीतल्या एका खोलीचं काय होईल, हे निघत नव्हतं. भाव पडले तर तिचे पैसे अडकतील. नाही पडले तर पुढच्या वर्षी खर्डीही परवडणार नाही.

"पडतील अशी भीती वाटते," मी म्हटलं. "कधी, किती, इथे की नाही, ते मला माहीत नाही मावशी."

ती म्हणाली, "हे तेव्हा बोलली असतीस तर?"

दलाल मध्येच हसून म्हणाला, "मॅडम, भाव आजवर कुठे पडलेत?" मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. कागद माझ्यापुढे सरकवले. "वाच. मोठ्यानं वाच. मराठीत सांग. एक ओळ गाळू नको."

मी वाचलं. तिसऱ्या पानावर ताब्याच्या तारखेची जागा कोरी होती. मी तेवढंच सांगितलं, इथे तारीख हवी, ती लिहिलेली नाही. घ्या की नका घेऊ, हे म्हटलं नाही.

"तारीख भरा," मावशी दलालाला म्हणाली.

"ते नंतर भरतात मावशी. सगळ्यांचं तसंच असतं."

"मग सहीपण नंतर."

"उद्या दुसऱ्यानं घेतलं तर मला बोलू नका."

ती उठली. मी तिच्या मागे उठले. काकांच्या घराच्या वेळीही ती अशीच थांबली होती आणि ते दुसऱ्यानेच घेतलं होतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, माझं ऐकून सोडू नका."

"तुझं कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "कागदावर नाय म्हणून नाय."

हे तिने खरंच तसं ठरवलं, की माझ्यावर ओझं नको म्हणून म्हणाली, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. दर आठवड्याला ती त्या टेबलापाशी जाऊन विचारते. हे लिहितेय तोवर तारीख भरलेली नाही, आणि ती अजून भाड्याच्या खोलीतच आहे.